रिकामं करता येईल असं पिस्तूल

पिस्तुलाच्या निवडीवर दोन माणसं बोलायला बसली की विषय हमखास गोळीपासून सुरू होतो. नऊ मिलिमीटर बरी की .३८० बरी, मॅगझिनमध्ये किती मावतात, अमक्या कंपनीचं टिकाऊ की तमक्या. धडधाकट हाताच्या माणसाने या क्रमाने विचार केला तरी फारसं बिघडत नाही. दुकानातलं जवळपास कुठलंही पिस्तूल त्याच्या हाताला चालतं. सत्तरी ओलांडलेल्या, अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने ठाण मांडलेल्या माणसाने मात्र हा क्रम उलटा करावा. आधी हात पाहावा, मग यंत्र, आणि गोळी सगळ्यात शेवटी. या पुस्तकातली प्रकरणं त्याच क्रमाने लावली आहेत. वाचकाने पानं उलटत थेट गोळ्यांच्या तक्त्यावर जाऊ नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो.

विषय मुख्यतः अमेरिकेतला आहे. १९६५ च्या कायद्याने तिथलं दार उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत जे मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मुलं दुसऱ्या राज्यात, घर उपनगरात, शेजार लांब. त्यांतले काही जण हौसेने रेंजवर जातात, काहींनी घरात असावं म्हणून पिस्तूल घेतलंय, आणि काहींनी पन्नाशीत घेतलेलं पिस्तूल आता त्यांच्याच हाताला झेपेनासं झालंय. या शेवटच्या मंडळींविषयी कोणी फारसं लिहीत नाही. रेंजवर शिकवताना मला सगळ्यात जास्त भेटतात ती हीच माणसं.

पिस्तुलाशी माणसाचा संबंध चार कामांपुरता येतो. ते भरायचं, भरलंय की नाही ते तपासायचं, झाडायचं आणि रिकामं करायचं. यातलं झाडणं हेच त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे ते रिकामं करणं. मॅगझिन काढलं तरी नळीच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये, एक गोळी बसलेली असते. ती बाहेर काढायची तर वरची स्लाइड पूर्ण मागे ओढावी लागते. ज्याला ती ओढता येत नाही त्याच्या हातात भरलेलं पिस्तूल अडकून बसतं. मग ते तसंच कपाटात जातं आणि मुलगा दिवाळीला घरी येईपर्यंत तसंच राहतं. त्यामुळे दुर्बळ हातासाठी पिस्तूल निवडताना माझा पहिला प्रश्न ‘झाडता येईल का’ हा नसतो. ‘दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय, न घाईगडबड करता, रिकामं करता येईल का’ हा असतो. या एका चाळणीत दुकानदाराच्या निम्म्या शिफारशी गळून पडतात.

हात दुर्बळ होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी नीट बघायला हवं. पकडीची ताकद साधारण तिशीत शिखरावर असते आणि पन्नाशीनंतर उतरत जाते. दवाखान्यात ती डायनॅमोमीटर नावाच्या यंत्राच्या मुठीवर मोजतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या निकषांत पुरुषासाठी २७ किलो आणि स्त्रीसाठी १६ किलो ही खालची मर्यादा धरली आहे. पण पिस्तुलाच्या बाबतीत मुठीपेक्षा चिमूट महत्त्वाची. स्लाइड ओढताना बहुतेक लोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती धरतात, आणि चिमटीच्या टोकाला एक किलो जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोंचा दाब येतो. झिजलेल्या सांध्याला तो सोसत नाही. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण ज्यांना आताशा दुसऱ्याकडून उघडून घ्यावं लागतं, त्यांनी स्लाइडचाही तोच अनुभव गृहीत धरावा.

आता यंत्र. नवख्याला वाटतं, छोटं पिस्तूल म्हणजे हलकी स्लाइड. होतं उलटंच. वॉल्थर कंपनीचं ‘पीपीके’ घ्या. १९३१ सालचं, खिशात मावणारं, सिनेमाने जगभर नेलेलं. त्यात .३८० ची गोळी झाडली जाताना नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. गोळी नळीबाहेर जाईपर्यंत स्लाइडला थोपवून धरायचं काम निव्वळ तिचं वजन आणि मागची स्प्रिंग करते. वजन फार वाढवता येत नाही, म्हणून स्प्रिंग कडक. याउलट नऊ मिलिमीटरच्या मोठ्या पिस्तुलांत ब्राउनिंगच्या पद्धतीने नळी आणि स्लाइड क्षणभर एकत्र सरकतात आणि मग नळी खाली कलून सुटते. तिथे स्प्रिंगला तेवढी कडक असायची गरज नसते. म्हणून ताकदीने कमी असलेली गोळी झाडणारं चिमुकलं पिस्तूल ओढायला भारी आणि जास्त ताकदीचं मोठं पिस्तूल ओढायला हलकं, असा प्रकार काउंटरवर नेहमी दिसतो. पाहून माणसं चक्रावतात.

ओढण्याची पद्धत बदलली तरी बराच फरक पडतो. पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळीचं तोंड सरळ लक्ष्याकडे, चापावर बोट नाही. दुसऱ्या हाताचा पंजा वरून स्लाइडवर पालथा ठेवायचा, म्हणजे चार बोटं एका बाजूला आणि तळव्याची टाच दुसऱ्या बाजूला. मग स्लाइड मागे ओढायचीच नाही. ती जागेवर धरून ठेवायची आणि मूठ धरलेला हात पुढे ढकलायचा. ओढण्यात बोटं आणि मनगट राबतात, ढकलण्यात खांदा आणि पाठ. बाहेरून दिसणारा घोडा असलेलं पिस्तूल असेल तर तो आधी अंगठ्याने मागे घेऊन ठेवला की स्लाइडला घोडा ताणायचं काम उरत नाही आणि ती आणखी सैल पडते. एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. जोर कमी पडला की माणूस नकळत पिस्तूल आडवं करतो आणि नळीचं तोंड शेजारच्या लेनमध्ये उभ्या असलेल्याच्या बरगड्यांकडे वळतं. रेंजवर माझा आवाज चढतो तो बहुधा याच क्षणी.

पद्धत बदलूनही जमत नसेल तर यंत्र बदलायचं. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये ‘शील्ड ईझेड’ हे .३८० चं पिस्तूल याच गिऱ्हाइकासाठी काढलं आणि २०२० मध्ये त्याचा नऊ मिलिमीटरचा भाऊ आला. आतला घोडा आणि हलकी स्प्रिंग यामुळे स्लाइड सहज मागे येते. मॅगझिनच्या कडेला बटणं आहेत, ती खाली ओढून धरली की गोळ्या नुसत्या आत सोडायच्या. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण साध्या मॅगझिनमध्ये शेवटच्या दोन गोळ्या अंगठ्याने दाबून बसवताना काय होतं ते संधिवाताच्या माणसाला विचारा. मला या पिस्तुलाबद्दल एकच शंका आहे. मुठीच्या मागच्या बाजूला एक सुरक्षेची पट्टी आहे आणि ती तळव्याने दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. ज्याची पकडच ढिली आहे त्याच्या हातून नेमकी हीच पट्टी अर्धवट दाबली जाते. घ्यायच्या आधी रेंजवर भाड्याने घेऊन स्वतःच्या हाताने तपासायची गोष्ट आहे ही. वॉल्थरच्या ‘सीसीपी’त नळीतल्या वायूचाच दाब वापरून स्लाइडला रोखलं आहे, त्यामुळे तिथेही स्प्रिंग मऊ आहे.

माझं स्वतःचं मन जातं ते जुन्या इटालियन तोडग्याकडे. बेरेटाच्या ‘बॉबकॅट’, ‘टॉमकॅट’ आणि ‘८६’ या पिस्तुलांत कडेची एक कळ दाबली की नळीचं मागचं टोक टपकन वर उचलतं. गोळी सरळ नळीत ठेवायची, नळी खाली दाबायची. काढायची असेल तर पुन्हा कळ दाबायची. स्लाइडला हात लावावाच लागत नाही. म्हणजे चेंबर रिकामं करणं हे इथे सगळ्यात सोपं काम होऊन बसतं. वर म्हटलेल्या चाळणीतून इतक्या सहज पार पडणारी रचना दुसरी मी पाहिलेली नाही. अडचण अशी की यातली धाकटी दोन पिस्तुलं .२२, .२५ किंवा .३२ ची, त्यांची मूठ इवलीशी आणि पहिल्या गोळीला चाप जड. तिसरं, .३८० चं, हाताला छान बसतं, पण दुकानात सहजी मिळत नाही.

इथे कोणीतरी म्हणणारच की एवढा खटाटोप कशाला, रिव्हॉल्व्हर द्या. म्हाताऱ्या माणसाला आणि बाईमाणसाला छोटं रिव्हॉल्व्हर, हा सल्ला अमेरिकेत काउंटरमागून इतक्या सराईतपणे दिला जातो की देणारा समोरच्याच्या हाताकडे बघतही नाही. एक काकू असंच पाच गोळ्यांचं, अल्युमिनियमच्या सांगाड्याचं .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर घेऊन शिकायला आल्या होत्या. वजन जेमतेम चारशे ग्रॅम. काकांच्या पश्चात घरात एकट्या, दुकानात सांगितलं ‘हे तुम्हाला हलकं पडेल’, म्हणून घेतलं. चाप ओढताना त्यांचं तर्जनीचं बोट अर्ध्यात थांबायचं, मग दुसऱ्या हाताचं बोट मदतीला यायचं आणि तोवर नळी जमिनीकडे झुकलेली असायची. अशा रिव्हॉल्व्हरच्या चापाला १२ पाउंडांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेपाच किलो जोर लागतो. कारण तोच चाप घोडाही ताणतो आणि चक्रही फिरवतो. शेवटी एकदाची गोळी सुटली. काकूंनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे माझं नाही हो.” त्यांचं बरोबर होतं.

अशा हलक्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुटताना हाताला जो जोरदार धक्का बसतो, त्याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं तर हातात येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. कमरेला वागवायला हलकं असलेलं हत्यार झाडायला जड पडतं. तीच .३८ स्पेशलची गोळी, त्यातही नेमबाजीची सौम्य वॉडकटर, जवळपास किलोभर वजनाच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमधून झाडून पाहा. सत्तरीतला हातसुद्धा कुरकुरत नाही. घरातच ठेवायचं असेल तर वजनाला घाबरायचं कारणच काय? अर्थात ते दोन्ही हातांनी समोर धरून ठेवण्याइतकी खांद्याची ताकद हवी, नाहीतर पुन्हा मोजमाप करावं लागतं.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. चक्र बाहेर काढलं की भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं आणि रिकामं करताना स्प्रिंगशी झुंज नसते. म्हणून मी त्याला बाद करत नाही. मात्र चाप हलका लागावा म्हणून .२२ चं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांना सावध करतो. .२२ च्या काडतुसात ठिणगीचं द्रव्य कडेच्या गोटात असतं, त्याला जोरात ठोका लागतो, म्हणून मागची स्प्रिंग बहुधा अधिक ताठ ठेवलेली असते. धक्का नाहीच म्हणावा इतका कमी, पण चाप मोठ्या भावंडांपेक्षाही जड. शिवाय झाडून झाल्यावर पुंगळ्या कधीकधी चक्रात चिकटून बसतात आणि दांडी दाबून बाहेर ढकलायला अंगठाच लागतो. घोडा हाताने मागे ताणून हलक्या चापाने झाडण्याची पद्धत रेंजवर कागदावर ठीक आहे. घरात, भेदरलेल्या अवस्थेत, कंप पावणाऱ्या हातात ताणलेला घोडा मला नको. तो न झाडता परत खाली सोडायला जी नजाकत लागते तीच तर वयाने काढून घेतलेली असते.

मग .२२ कशात घ्यावी? सेल्फ-लोडिंग पिस्तुलात. रुगरचं ‘मार्क ४’ किंवा २०२० साली आलेलं ‘ग्लॉक ४४’. दोन्हींना स्प्रिंग हलकी, धक्का नगण्य, दिवसभर झाडा. रुगरमध्ये ओढायला पूर्ण स्लाइड नाही, मागच्या टोकाला दोन छोटे कान आहेत आणि ते चिमटीत धरावे लागतात, म्हणून अंगठ्याचा सांधा गेलेल्याने ग्लॉकची पूर्ण स्लाइड पसंत करावी. .२२ चा ठोका एखादवेळी फुकट जातो आणि तिची ताकद कमी, हे आक्षेप खरे आहेत. तरीही नेम धरून पाच गोळ्या जागेवर घालता येतात ती .२२, पहिल्याच गोळीनंतर डोळे मिटायला लावणाऱ्या नऊ मिलिमीटरपेक्षा मला बरी वाटते. यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात. घालोत.

सेल्फ-लोडिंगबद्दल एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. झाडताना मनगट ढिलं पडलं तर सांगाडाच स्लाइडबरोबर मागे जातो, स्लाइडचा फेरा पुरा होत नाही आणि पुंगळी मध्येच अडकते. ती सोडवायला पुन्हा जोर हवा. तेव्हा चाचणी घेताना एकदा ताज्या हाताने आणि एकदा दमलेल्या हाताने घ्यावी.

हातात जोर आहे पण संवेदना नाही, हा प्रकार आपल्या मंडळींत बराच दिसतो, कारण मधुमेह. चापाच्या कडेला टेकलेलं बोट चापावर सरकलंय हे ज्याला बोटानेच कळत नाही, त्याच्यासाठी हलका चाप म्हणजे धोका. त्याला थोडा जड आणि लांब पल्ल्याचा चापच योग्य. म्हणजे संधिवाताच्या माणसाला जे सोयीचं तेच याला घातक. एकच यादी छापून ती सगळ्या ज्येष्ठांना वाटता येत नाही ती यामुळे. डोळ्यांचं प्रकरण मी इथे लांबवत नाही. एवढंच सांगतो की चाळिशीच्या चष्म्यातून पुढची साइट स्पष्ट दिसते तेव्हा लक्ष्य धूसर दिसतं, आणि लाल ठिपक्याच्या साइटने ही कटकट बरीच मिटते. कंप असलेल्यांना तो ठिपका नाचताना दिसतो आणि उगाच धीर खचतो. तो नाचणारच आहे.

नुसती नेमबाजीची हौस असेल तर मात्र वरचा बराचसा काथ्याकूट बाजूला ठेवता येतो. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला स्पर्धेच्या नियमाने चापाचं किमान वजन ५०० ग्रॅम आहे. त्या काकूंच्या रिव्हॉल्व्हरला लागत होतं त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यातही किमान वजन फक्त एक किलो. जुन्या एअर पिस्तुलांत प्रत्येक गोळीला दांडी ओढून हवा दाबावी लागे. आता सिलिंडरमध्ये आधीच भरलेली हवा असते, त्यामुळे तोही त्रास गेला. मूठ लाकडाची असते आणि ती तुमच्या तळव्याप्रमाणे कोरून, लुकण भरून घडवून घेता येते. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर नातीसोबत रेंजवर गेल्या आणि साठी उलटल्यावर नेमबाज झाल्या, ती गोष्ट सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला, ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेऊन आले. ते तरुण होते हे मान्य. पण एक हात जास्त बिघडला असेल तर दुसऱ्याने शिकायला हरकत नाही, एवढं त्यांच्याकडून घेता येतं.

भारतातल्या वाचकाला यातली बरीच चर्चा परकी वाटेल. तिथे नऊ मिलिमीटर आणि .३८ सर्वसामान्य परवानाधारकाला मिळतच नाहीत, निवड बहुधा .३२ वर येऊन थांबते. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे स्त्रियांसाठी म्हणून .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन ५०० ग्रॅम, किंमत लाखाच्या वर. जाहिरात झाली ती हलकेपणाची, म्हणजे काउंटरमागचा तोच समज तिथेही. सुदैवाने .३२ ची गोळीच सौम्य आहे, त्यामुळे धक्क्याचं फारसं काही वाटत नाही. चापाचं तेवढं बघून घ्यावं.

मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी वेगळी सूचना. पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. ‘बाबा, चला, गंमत म्हणून दोन गोळ्या झाडून बघा’ असं म्हणत त्यांना रेंजवर नेण्याआधी चिरंजीवांनी हे वाचावं. ग्रीनकार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. राज्याराज्यांचे नियम मात्र टोकाचे वेगळे आहेत. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलामागे पोलिसांकडून खरेदीचा परवाना काढावा लागतो, टेक्सासमध्ये असं काही नाही.

काही जणांना मी ‘घेऊ नका’ असंही सांगतो. विसराळूपणा वाढतोय, जोडीदार नुकताच गेलाय, मन उदास आहे, अशा घरात पिस्तूल आणू नये, असलेलं बाहेर काढावं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण सगळ्यांत जास्त आहे. आपल्याकडे हे बोलायचा संकोच असतो, म्हणून यावर एक अख्खं प्रकरण ठेवलं आहे. पिस्तूल तात्पुरतं कोणाकडे आणि कसं सोपवायचं, तेही त्यात आहे.

शेवटचं प्रकरण पेटीचं. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्या घरोघरी घेतल्या जातात, पण वयानुसार ठशांच्या रेषा झिजतात आणि पेटी मालकालाच ओळखत नाही. ठोकळ्यासारखी मोठी बटणं असलेलं, बॅटरीविना चालणारं यांत्रिक कुलूप घ्यावं. त्याची बटणं किती जोराने दाबावी लागतात तेही दुकानातच, स्वतःच्या बोटांनी पाहून घ्यावं.